प्रकृतीच्या कारणास्तव

मुलुंड पश्चिमेच्या नंदकिशोर टिपणिसांना बाजारात फारसं कोणी ओळखत नाही, त्यांच्या बायकोला मात्र अख्खा बाजार ओळखतो. भांड्यांच्या कुठल्याही दुकानात जा. दारातच कुकरच्या रिंगांची पाकिटं माळेसारखी लटकत असतात, आणि त्यांतल्या लाल पाकिटावर एक तरुण बाई झाकण हातात धरून हसत असते. ती शुभा टिपणीस. फोटो सत्त्याण्णव सालचा. मॉडेल आणायची ऐपत नव्हती आणि नंदकिशोरला बायकोचं कौतुक होतं, दोन्ही कामं एका फोटोत झाली. शुभा आता अठ्ठावन्नची आहे, पाकिटावर मात्र तिचं एकतिसावं सरत नाही. सोसायटीतल्या बायका तिला अजून छळतात, "शुभा, तुझं वय रबराने धरून ठेवलंय गं!" ती हसते. हुबेहूब पाकिटावरच्यासारखं हसते, त्यामुळे आत काय चाललंय ते कोणाला कळत नाही.

त्याच वर्षी ती डायरेक्टरही झाली. धंदा नंदकिशोरच्या वडिलांचा, कुकरच्या रिंगा बनवायचा. एलबीएस रोडच्या आतल्या औद्योगिक वसाहतीत दोन गाळे, चार प्रेस आणि कपड्यांतून न जाणारा भाजल्या रबराचा वास. वडिलांनी धंद्याची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी केली तेव्हा कागदावर नावं हवी होती. स्वतः ते, थोरला नंदकिशोर, धाकटा देवव्रत, आणि चौथी, त्या वेळी चहा घेऊन आलेली सून. चहाऐवजी दुसऱ्या कोणी पाणी आणलं असतं तर कदाचित तीच डायरेक्टर झाली असती. वडिलांची एकच अट होती, सभांचा वृत्तान्त मराठीत लिहायचा. पुढे वडील गेले, त्यांच्या खुर्चीत नातू धवल बसला, अट तशीच राहिली.

बोर्डाची सभा भरायची दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या रविवारी, साडेबारा वाजता, टिपणिसांच्या जेवणाच्या टेबलावर. विषय काय असायचे ते कोणाला आठवणार नाही, पण पानात काय असायचं ते सगळे सांगतील. सोड्याची, म्हणजे सुक्या कोळंबीची खिचडी. सीए सुशांत वृत्तान्त घरूनच टाइप करून आणायचा. कोणी प्रस्ताव मांडला, कोणी अनुमोदन दिलं, कोणी आभार मानले, सगळं सभा भरायच्या आधीच झालेलं असायचं. 'सभा दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी संपली' या ओळीखाली मंडळी दोन वाजता सह्या करायची, आणि तेव्हा देवव्रत तिसऱ्यांदा खिचडी घेत असायचा.

शुभाची सही शेवटी. सुशांत तिच्यासाठी पेन्सिलीने बारीक फुली मारून ठेवायचा. ती हात पुसत बाहेर यायची, फुलीवर सही करायची आणि विचारायची, "अजून वाढू का?" सत्तावीस वर्षांत बोर्डाच्या सभेत तिने दुसरा प्रश्न विचारला नाही. निदान नंदकिशोर चारचौघांत तसं हसत हसत सांगायचा.

यंदाच्या जानेवारीत मात्र एका बड्या कुकर कंपनीचं पत्र आलं. दुकानाच्या दोरीला लटकणं वेगळं आणि कोऱ्या कुकरच्या आत, खोक्यातूनच जाणं वेगळं. नंदकिशोरचे वडील त्या खोक्यात शिरायची वाट बघता बघता गेले होते. आता तीन वर्षांची ऑर्डर समोर आली होती, फक्त तिला एक अट होती. धवलने ती टेबलावर वाचून दाखवली. माल पुरवणाऱ्या कंपनीच्या बोर्डावर घरच्यांखेरीज बाहेरची, विषयातली जाणकार व्यक्ती हवी, बाईमाणूस हवं, आणि त्या बाहेरच्या व्यक्तीने लिहून द्यायला हवं की हा बोर्ड खरोखर विचार करून निर्णय घेतो.

"बाई आहे की," देवव्रत म्हणाला. "वहिनी आहेत."

"काका, बाहेरची म्हणतायत ते. आणि मम्मी कसली जाणकार? तिला रबरातलं काय कळतं?"

शुभा आत पापड भाजत होती. पापडाचा वास बाहेर येत होता, म्हणजे बाहेरचं बोलणंही आत जात असणार, एवढा साधा हिशेब टेबलावरच्या एकाही पुरुषाने केला नाही.

बाहेरची व्यक्ती धवलनेच शोधली. रेवती सबनीस, राहायला पवईला, रबराच्या मोठ्या कारखान्यात तीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या. प्रश्न खुर्चीचा होता. कंपनीच्या नियमांत डायरेक्टर चारच. नियम बदलायचा तर वेगळी सभा, ठराव, फॉर्म, महिनाभराची धावपळ. एक राजीनामा घ्यायचा तर एक कागद.

"कोणाचा घ्यायचा?" सुशांतने विचारलं. विचारलं खरं, पण फुली मारायची पेन्सिल त्याच्या हातात आधीच होती.

म्हणजे बोर्डावर बाई हवी म्हणून बोर्डावरची बाई काढायची ठरली. यात काही चमत्कारिक आहे असं त्या दिवशी कोणालाही वाटलं नाही. नंदकिशोरला थोडं वाटलं, पण ते शुभाला सांगायचं कसं, याबद्दल. शनिवारी सांगू म्हणाला, तर शनिवारी ती वाल सोलत बसली होती. रविवारी सकाळी सांगू म्हणाला, तर ती बाजारात गेली होती. मग त्याने स्वतःची समजूत घातली की सही झाल्यावर सांगितलं तरी चालेल, कागदाला काय फरक पडतो.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी एरवी सभा नसायची, यंदा खास बोलावली, आणि राजीनामा गठ्ठ्यात तिसऱ्या नंबरला होता. 'प्रकृतीच्या कारणास्तव मी संचालकपदाचा राजीनामा देत आहे.' शुभा हात पुसत आली. पहिली सही, दुसरी सही. तिसऱ्या कागदावर पेन जरा थांबलं. नंदकिशोर समोरच्या लोणच्याच्या बरणीकडे बघत राहिला. मग सही झाली.

"अजून वाढू का?"

"हो," तो म्हणाला, आणि वाढलेलं सगळं पानातच राहिलं.

चार दिवसांनी जेवताना ती म्हणाली, "आज आमटीला फोडणी नाही. प्रकृतीच्या कारणास्तव." नंदकिशोरला असा ठसका लागला की धवल पाणी घेऊन धावला. टीव्हीवर ऐकलं असेल कुठेतरी, त्याने मनाला सांगितलं. पुढच्या आठवड्यात देवव्रतकडे बारसं होतं, तिथे ती गेली नाही, प्रकृतीच्या कारणास्तव, आणि त्याच संध्याकाळी बागेत उत्तराबरोबर सहा फेऱ्या मारताना तिला निम्म्या सोसायटीने पाहिलं. ही उत्तरा म्हणजे वरच्या मजल्यावरची शेजारीण. तिच्या कानात पडलेली गोष्ट तिथे मुक्काम करत नाही. मार्चअखेर इमारतीची लिफ्ट बिघडली तेव्हा उत्तरा जिन्यात नंदकिशोरला गाठून म्हणाली, "काय हो टिपणीस, लिफ्टने राजीनामा दिला वाटतं? प्रकृतीच्या कारणास्तव?" मागच्या दोघी बायका तोंडाला पदर लावून हसल्या. नंदकिशोरची कानशिलं तापली. चौथ्या मजल्यापर्यंत तो असा चढला की जणू मागे कुत्रं लागलंय. तेवढं होऊनही तो घरात काही बोलला नाही. बोललं तर खरं होईल आणि गप्प राहिलं तर टळेल, अशी वेडी आशा माणसाला असते, आणि नंदकिशोर तिच्यावर दोन महिने जगला.

एप्रिलची सभा पहिल्यांदाच कारखान्यातल्या ऑफिसात ठेवली. बाहेरच्या बाईला जेवणाच्या टेबलावर कसं बसवायचं! पण सवय कुठे जाते? आदल्या दिवशी तो शुभाला म्हणाला, "उद्या जरा जास्त खिचडी करून दे. माणूस पाठवतो न्यायला."

"कोण येणार आहे?"

"एक मॅडम आहेत. सल्ला द्यायला."

"मासे खातात का त्या?"

नंदकिशोरने डोकं खाजवलं. रेवतीबाईंना नेमताना त्याने त्यांची डिग्री विचारली होती, अनुभव विचारला होता, हे विचारायचं कोणालाच सुचलं नव्हतं.

"नंबर द्या," शुभा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला रेवती सबनीस आल्या त्या पाच जाड फायली घेऊन. बाई बारीक, आवाज मऊ, चष्मा गळ्यात. सुशांतने टाइप केलेला वृत्तान्त पुढे सरकवला. त्यांनी तो उलटून पाहिला.

"सभा एक वाजून दहा मिनिटांनी संपलीसुद्धा?" त्यांनी घड्याळाकडे बघितलं. "अजून पस्तीस मिनिटं आहेत."

सुशांतने कागद मागे घेतला.

"मी तुमचे सत्तावीस वर्षांचे वृत्तान्त वाचले," रेवतीबाई म्हणाल्या.

"सगळे?" देवव्रत हसला. "अहो, आम्ही पण नाही वाचलेत!"

"ते कळलं मला. पण वाचताना मला एक व्यक्ती फार आवडली. जुनं रबर वितळवून मिसळणं बंद करावं, प्रस्ताव श्रीमती शुभा टिपणीस. सिलिकॉनच्या रिंगा सुरू कराव्यात, श्रीमती शुभा टिपणीस. तपासणीसाठी स्वतःची खोली बांधावी, पुन्हा त्याच. या धंद्याला वळण देणारा प्रत्येक ठराव एका बाईचा आहे. खरं सांगू? त्यांच्या शेजारी बसायला मिळेल म्हणून मी हो म्हटलं. आणि बघते तर मी त्यांच्याच खुर्चीत. प्रकृतीच्या कारणास्तव. कशी आहे आता त्यांची तब्येत?"

भिंतीपलीकडे प्रेस धप् धप् करत होते. धवल मोबाइल चाळायला लागला. सगळ्यांनी नंदकिशोरकडे पाहिलं, आणि नंदकिशोरच्या तोंडून निघालं, "गुडघे. गुडघ्यांचं आहे जरा. जिने चढवत नाहीत."

दार उघडलं. दोन हातांत दोन मोठे स्टीलचे डबे घेऊन शुभा आत आली.

"माणूस यायला उशीर होता, खिचडी गार झाली असती," ती म्हणाली. "इथली लिफ्टपण बंदच आहे तुमची. तीन मजले चढून आले." तिला साधी धापही लागली नव्हती. "रेवतीताई ना तुम्ही? काल जेवणाचं विचारायला फोन केला होता ना, ती मी. तुमचं वालाचं बिरडं वेगळ्या डब्यात आहे, त्याला सोड्यांचा हात लागलेला नाही."

रेवतीबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग टेबलावर पडलेल्या लाल पाकिटाकडे. मग पुन्हा तिच्याकडे.

"तुमचे गुडघे?"

"गुडघ्यांना काय झालंय?" शुभाने नवऱ्याकडे पाहिलं.

लाजेचं असं असतं की ती आधी कानांत येते. नंदकिशोरला स्वतःचे कान दिसत नव्हते, पण ते पाकिटासारखे लाल झालेत हे त्याला कळत होतं. साठी ओलांडलेला माणूस, पण फळ्यासमोर उभं केल्यासारखा खुर्चीच्या कडेवर बसला होता.

रेवतीबाईंनी खुर्ची ओढून शुभाला बसवलं. "मला एक सांगा, सिलिकॉनचं त्या काळात तुम्हाला कसं सुचलं?"

"मला?" शुभा खरोखर बुचकळ्यात पडली. "मी तेव्हा पापड भाजत असेन."

मग सुशांतने घसा साफ केला. "त्याचं असं आहे मॅडम, नावं मी घालायचो. कोणाचं तरी घालावं लागतं. नंदकिशोरभाऊंचं घातलं की ते विचारतात, हे मी कधी बोललो? वहिनी काही विचारत नाहीत."

देवव्रतसुद्धा डब्याकडे बघायचं थांबला.

"म्हणजे त्यांनी कधी काहीच सुचवलं नाही? सत्तावीस वर्षांत?" रेवतीबाईंनी हा प्रश्न सुशांतला विचारला नव्हता, नंदकिशोरला विचारला होता.

एक 'नाही' म्हटलं की सुटका होती. फायलींत तसा पुरावा नव्हता, सुशांत बोलला नसता, देवव्रतला आठवत नसेल. शुभा डब्याचं झाकण उघडण्यात गुंतली होती, तिने मान वर केली नाही. नंदकिशोरने ओठ उघडले आणि त्याला दिसलं की तिचा हात झाकणावर थांबलाय. फेब्रुवारीत पेन थांबलं होतं तसाच.

"सुचवलं होतं," तो म्हणाला. "एकदा."

"कधी?"

"अकरा वर्षं झाली. सिलिकॉनचा पहिला माल निघाला होता. ही सही करायला आली आणि म्हणाली, रिंग तिसऱ्या महिन्यात सैल होते, झाकण फिरवताना हाताला कळतं. इथे बसणाऱ्यांपैकी एकाने तरी महिनाभर घरी कुकर लावून बघा." त्याने भावाकडे पाहिलं. "आम्ही हसलो. देवव्रत म्हणाला, वहिनी, तुम्ही आधी खिचडीतलं मीठ बघा."

"मी म्हणालो?" देवव्रत पुटपुटला.

"तू म्हणालास. मी सगळ्यांत मोठ्याने हसलो." नंदकिशोर बोलत राहिला. "पुढच्या वर्षी दुकानांतून पोती भरून रिंगा परत आल्या. सगळ्या सैल."

"हे कुठल्या पानावर आहे?" रेवतीबाईंनी फायलींवर हात ठेवला.

"कुठेच नाही. वृत्तान्तात लिहिलं, कच्च्या मालात दोष."

"आणि त्यांचा राजीनामा?"

"तिला सांगितलं नव्हतं. गठ्ठ्यात घातला होता."

"वाचला होता मी," शुभा म्हणाली. आवाज चढला नव्हता, भाजी महाग झाल्याचं सांगावं तसा होता. "मी प्रत्येक कागद वाचते. फक्त पटकन वाचते, आत गॅस चालू असतो. मला वाटलं, रात्री सांगाल. मग वाटलं, आठवडा घेतील. मग म्हटलं, तो शब्द रोज कानावर घातला तर लाज वाटून तरी सांगाल. अहो, बिल्डिंगभर झाला तो शब्द. उत्तरालासुद्धा तुमची कीव यायला लागली."

नंदकिशोरला जिन्यातल्या बायकांचं हसू आठवलं. त्या बायका राजीनाम्याला हसतायत असं त्याला वाटलं होतं. त्या हसत होत्या ते त्याला, आणि त्या हसण्याची मालकीण घरात त्याच्या शेजारी जेवत होती.

"मम्मी," धवल म्हणाला, "सॉरी ना यार."

"तू आधी जेव," ती म्हणाली. "जाणकार मुलगा आहेस."

पापडाचा वास बाहेर येताना बोलणंही आत जातं, हे धवलला त्या क्षणी कळलं. त्याने मोबाइल उलटा ठेवला.

रेवतीबाईंनी चष्मा काढला. "नंदकिशोरजी, इथे बोर्ड चालतो असं मी त्या कुकर कंपनीला लिहून देऊ शकत नाही. इथे खिचडी चालते. जुलैपर्यंत मुदत मागून घ्या. तोवर नियम बदलून पाच खुर्च्या करा, आणि पाचव्या खुर्चीसाठी शुभाताईंना रीतसर विचारा. त्या हो म्हणाल्या तर आणि तरच मी सही करेन. आणि जुलैपर्यंत तुम्ही तिघा पुरुषांनी घरी रोज कुकर लावायचा. तुमचीच रिंग घालून. हा माझा प्रस्ताव. सुशांत, माझंच नाव घाला हो."

डबे उघडले. कोणी तिसऱ्यांदा घेतलं नाही.

मग मे महिनाभर टिपणिसांच्या घरात रोज सकाळी नंदकिशोर ओट्यापाशी उभा. पहिल्या दिवशी रिंग उलटी बसली. तिसऱ्या दिवशी पाणीच घालायचं राहिलं. त्याच्या रिंगा चाळीस वर्षं लोकांच्या घरात शिजवत होत्या आणि त्याला झाकणाचे दोन बाण जुळवायचे असतात हे माहीत नव्हतं. शुभा मदतीला येत नव्हती. बाहेर बसून पेपर वाचायची. वरच्या खिडकीतून उत्तरा विचारायची, "टिपणीस, किती शिट्ट्या झाल्या?" आणि तो खरं सांगायचा, "अजून एकपण नाही."

जूनच्या पहिल्या रविवारी सुशांत कागद घेऊन आला. नियम बदलून झाले होते, पाचवी खुर्ची मंजूर होती, आता शुभाच्या संमतीचा कागद होता. खाली अध्यक्षांची जागा होती तिथे नंदकिशोरने सही केली. कुकर गॅसवर होता, लक्ष तिकडे होतं. सुशांत गेल्यावर तो कागद घेऊन शुभासमोर आला. गेले दोन महिने जे शब्द तो मनात जुळवत होता ते त्याने म्हटले, "शुभा, तू परत येशील का? आम्हाला गरज आहे तुझी." बरं बोलला तो. मनापासून बोलला.

शुभाने चष्मा लावला आणि कागद हातात घेतला. मोठ्याने वाचला.

"'माझी प्रकृती आता सुधारली असल्याने मी पुन्हा संचालकपद स्वीकारण्यास तयार आहे.'"

नंदकिशोरने कागदाकडे हात पुढे केला. "ते सुशांतने..."

"खाली सही तुमची आहे."

"हो."

"वाचून केलीत?"

आत कुकर कडेने फुसफुसत होता. आजही कुठेतरी चुकलं होतं. नंदकिशोरने कागदावरची आपली सही पाहिली. तिच्या पोटाखालून पेन्सिलीची एक बारीक फुली डोकावत होती.

"फुली होती तिथे केली," तो म्हणाला.

शुभा हसली नाही, पाकिटावरच्यासारखंसुद्धा नाही. तिने कागद उलटा केला, कोरी बाजू वर, आणि त्याच्यापुढे ठेवला. खुर्ची पायाने थोडी मागे सारली, त्याला बसता यावं एवढी.

"आता काय झालं होतं ते लिहा. तुमच्या अक्षरात. मग मी बघते सहीचं."

नंदकिशोर बसला. वर उत्तराच्या खिडकीतलं भांड्यांचं वाजणं थांबलं होतं. त्याने तारीख घातली. तारीख चुकली, खोडून पुन्हा घातली. मग 'मी' असं लिहिलं, आणि पुढचा शब्द काही केल्या येईना.

शुभा समोर बसून राहिली. तिला कसलीच घाई नव्हती. आज गॅस तिच्याकडे नव्हता.